तास काढणाऱ्या बाईंचं उत्तर

आदरणीय सर,

कॉमिक स्ट्रिप वापरून इंग्रजी कसं शिकवते, ते मी लिहिलं. त्याखालच्या प्रतिक्रियेत तुम्ही नाव दिलेलं नाही, 'निवृत्त मुख्याध्यापक' एवढंच आहे, म्हणून सर म्हणते. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉमिकमधलं इंग्रजी बोलण्यातलं असतं, त्यातलं 'गॉना-वॉना' मुलांच्या वहीत उतरतं. अक्षरं सगळी कॅपिटल असतात. मुलं चित्र बघतात, वाक्य वाचत नाहीत. दहावीच्या पेपरात त्याचा उपयोग शून्य. आणि शेवटी: "ज्या बाईंना व्याकरण शिकवता येत नाही, त्या चित्रं दाखवून तास काढतात."

हे शेवटचं वाक्य लिहिलं नसतंत तर मी दोन ओळींत आभार मानून मोकळी झाले असते. मतभेद असू शकतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण माझा एकही तास तुम्ही पाहिलेला नाही. माझी शाळा कुठं आहे हेही तुम्हाला माहीत नाही. तरी मी तास काढते, हे तुम्हाला घरबसल्या कळलं. मुलं मला दिवसभर 'बाई' म्हणतात आणि ते मला आवडतं. तुमच्या वाक्यातल्या 'बाईं'मध्ये मात्र खोच आहे, आणि ती चुकून आलेली नाही. हाच लेख एखाद्या सरांनी लिहिला असता तर तुम्ही त्याला 'नवोपक्रम' म्हणाला असतात, असं मला राहून राहून वाटतं.

असो. व्याकरणाचं म्हणालात ना, मग व्याकरणाचंच बोलू.

डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच. आपल्याकडे ते कसं शिकवतात? फळ्यावर तक्ता. 'नाऊ'चं 'देन', 'हिअर'चं 'देअर', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे'. मुलं तक्ता पाठ करतात, पाचपैकी चार मार्क मिळवतात, आणि कोण कुणाला काय म्हणालं हे विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतात. कारण त्या वाक्यांतले 'ही' आणि 'शी' कोण आहेत, कुठं उभे आहेत, हे त्यांना कधी दिसलेलंच नसतं.

आता गारफील्ड घ्या. जिम डेव्हिसचा हा बोका 1978पासून वर्तमानपत्रांत आहे, पण तो तोंडाने बोलत नाही. त्याचं सगळं बोलणं ढगासारख्या फुग्यात असतं आणि फुग्यातून त्याच्या डोक्याकडे बारीक गोल आलेले असतात. त्याचा मालक जॉन बोलतो तो शेपटीवाल्या साध्या फुग्यात. म्हणजे वाक्य बदलायच्या आधी मुलाला ठरवावं लागतं, इथं 'सेड' की 'थॉट'? जॉनने प्रश्न विचारला असेल तर 'आस्क्ड', आणि पुढे 'इफ' की 'व्हाय'? बोका मनात म्हणतो, "आय हेट मंडेज." जॉनला ते ऐकू येतं का? नाही. मग 'गारफील्ड टोल्ड जॉन' लिहिलं तर चूक, 'गारफील्ड थॉट दॅट ही हेटेड मंडेज' बरोबर. 'हेट'चं 'हेटेड' का झालं, हे सांगायला मी कॉमिकची पट्टी झाकते आणि म्हणते, काल हे घडलं, आज घरी आईला सांग. काळ मागे सरकतो तो गोष्ट मागे पडली म्हणून, हे सातवीतल्या पोराला तक्त्याशिवाय कळतं. तक्ता नंतर देते. देतेच, सर. तुमच्या माहितीसाठी.

चौकटी कापून, उलटसुलट करून देते, त्या लावताना 'फर्स्ट', 'देन', 'मीनव्हाइल' आपोआप लागतात. फुगे पांढऱ्या शाईने पुसून देते, मग तिथं काय असेल ते मुलं लिहितात. तेव्हा चित्र बघितल्याशिवाय वाक्य सुचतच नाही. म्हणजे तुमची तक्रार आहे ती गोष्ट मी मुद्दाम करून घेते.

माझ्या इंग्रजीवरच शंका असेल तर तेही सांगते. बार्शीत वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून (पहिलीपासून ते 2000 साली आलं). आम्हाला शिकवणारे गुरुजी धडा वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे आणि उत्तरं लिहून द्यायचे. रद्दीत मात्र इंद्रजाल कॉमिक्स यायची, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. नशीब असेल तर एकाच अंकाच्या दोन्ही आवृत्त्या सापडायच्या. मराठी वेताळ डाव्या मांडीवर, इंग्रजी फँटम उजव्या मांडीवर, असं वाचून मी इंग्रजी शिकले. 'द घोस्ट हू वॉक्स' हे फँटमचं बिरुद मला पाठ होतं, नंतर केव्हातरी त्यातल्या 'हू'ला रिलेटिव्ह प्रोनाउन म्हणतात हे गुरुजींनी सांगितलं. मी एम. ए. इंग्रजीत केलं आहे. हे मिरवत नाही, पण 'व्याकरण शिकवता येत नाही' म्हणणाऱ्याला कळलेलं बरं.

आणि कॉमिकमुळे मुलं बिघडतात, हे म्हणणारे तुम्ही पहिले नाहीत. अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1954 साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच नियमावली लादून घेतली. पुढे कॅरल टिली या संशोधक बाईंनी (हो, बाईंनी) वर्थमचे कागद तपासले आणि 2012 साली दाखवून दिलं की मुलांच्या मुलाखतींतला मजकूर त्याने सोयीने फिरवला होता. तुम्ही भाषेबद्दल बोलताय आणि तो गुन्हेगारीबद्दल बोलत होता, हा फरक मला समजतो. सूर मात्र ओळखीचा वाटला.

कॅपिटल अक्षरांचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मनापासून मान्य. पीनट्सची कॉमिक घ्या की कॅल्विन अँड हॉब्जची, हातानं लिहिलेली अक्षरं सगळी मोठी. विशेषनाम कुठलं, वाक्य कुठं सुरू झालं, हे नवख्याला कळत नाही. म्हणून फुग्यातलं वाक्य वहीत उतरवताना मी ते लहान-मोठ्या अक्षरांत लिहून घेते. कॅल्विन तसाही नववीच्या आधी वर्गात आणत नाही. त्यातला कॅल्विन हा पोरगा सहा वर्षांचा, पण बोलतो तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकासारखा.

'गॉना-वॉना'चं म्हणाल तर मुलं ते मोबाइलवरून शिकतात, माझ्याकडून नाही. दहावीच्या निकालाबद्दल मी इथं लिहिणार नाही, शाळेत या, दाखवते. पूर्वसूचना देऊन या म्हणजे तास 'काढून' दाखवायला बरं पडेल.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः काढलेल्या काही पट्ट्या टाकणार आहे, फुगे रिकामे ठेवून. ज्या शिक्षकांना हव्यात त्यांनी खुशाल छापून वर्गात वापराव्यात. यापुढची तुमची प्रतिक्रिया नावानिशी आली तर तिलाही उत्तर देईन.