पाहुणे ते पुणे

आमचा कॉम्प्युटर हॉलमध्ये, शोकेसच्या शेजारी असतो. मुलगा सगळ्यांच्या नजरेसमोर बसावा म्हणून तो मीच तिथे मांडला. नजरेसमोर आलो मी.

सासरे चार दिवसांसाठी आले होते, त्याचा अकरावा दिवस. सकाळी आपणहून म्हणाले, "जावईबापू, परतीची गाडी बघतो जरा." मी धावत जाऊन खुर्ची पुसून दिली. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि 'पुणे ते सांगली' लिहायला एका बोटाने 'प' दाबला. पुढचं अक्षर शोधायची वेळच आली नाही. ब्राउझरने अदबीने यादी पुढे केली: पाहुणे किती दिवस राहतात. पाहुण्यांना न दुखवता कसे सांगावे. पोटात गॅस घरगुती उपाय.

सासऱ्यांनी तिन्ही ओळी वाचल्या. मोठ्याने.

"गॅस कोणाला झालाय?" एवढंच विचारलं. खानदानी माणूस!

खरं सांगतो, हे मी घरी शोधलंच नव्हतं. ऑफिसात, मोबाइलवर, जेवणाच्या सुट्टीत शोधलं होतं. "दोन्हीकडे एकच खातं आहे ना बाबा, सिंक होतं," चिरंजीव म्हणाले. क्रोम असलं सगळं नव्वद दिवस जपून ठेवतो म्हणे. मला परवाची भाजी आठवत नाही.

"तुम्ही ती टोपी-चष्मावाली इन्कॉग्निटो खिडकी उघडायची. पण ती फक्त या मशीनवर काही ठेवत नाही हं. कुठल्या साइटवर गेलात ते नेटवाल्याला दिसतंच."

नेटवाल्याला खुशाल दिसू दे. तो आमच्याकडे राहायला येत नाही.

मग चिरंजीवांनी साठवलेले पासवर्ड दाखवले. शेजारच्या डोळ्यावर क्लिक केलं की मशीन आधी स्वतःचा पिन मागतं. तो मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला आहे, अक्षर माझंच. बँकेपासून लाइट बिलापर्यंत सगळे पासवर्ड उघडे पडले. हिच्या किराण्याच्या खात्याचा पासवर्ड 'अजूनऐकतनाही२०१९' निघाला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही विचारलं नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी सेटिंगमध्ये शिरलो. हिस्टरी, कुकीज, पासवर्ड, दिसेल त्या चौकटीत टिक केली, 'सुरुवातीपासूनचं सगळं' निवडलं आणि बटण दाबलं. निवांत झोप लागली.

सकाळी घरात हाहाकार. चिरंजीव क्लासच्या बाहेर, ही किराण्याच्या बाहेर, मी बँकेच्या बाहेर, आणि एकालाही आपला पासवर्ड पाठ नाही. सिंकमुळे मोबाइलवरूनही उडालेले. दुपारपर्यंत ओटीपींचा पाऊस पडत होता. नवे पासवर्ड हिने कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवलेत.

रेल्वेच्या तिकिटाचं खातं तेवढं उघडलं नाही. त्याचा ओटीपी माझ्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जातो.

"नवीन खातं काढतो, बाबा," मी म्हटलं.

"राहू दे हो," सासरे पेपर उलगडत म्हणाले, "घाई कोणाला आहे?"