परदेशातून: उजनीचे टीएमसी मोजतो, पाणी कधी तपासणार?

अमेरिकेने क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली, ही बातमी २०२४ पासून आमच्या गावाकडच्या ग्रुपवर अधूनमधून येत असते आणि आली की तीच भांडणं सुरू होतात. एक जण लिहितो बघा, तिकडे धरणं पाडतायत आणि आपण अजून नवीन बांधायला निघालोय, दुसरा लिहितो त्यांच्याकडे पाणी बक्कळ आहे, दुष्काळ बघितलाय का त्यांनी, आमच्या उजनीला हात लावाल तर बघा. मी सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातला, भीमेवरचं उजनी धरण आमच्याच भागात, पण गेली बरीच वर्षं ओरेगनमध्ये हिल्सबरोला राहतो, क्लॅमथची ती धरणं होती ती जागा इथून गाडीने दक्षिणेला पाचेक तासांवर. मला दोन्ही बाजूंना एकच सांगायचंय की बातमी अर्धीच वाचली जातेय. धरण ठेवायचं की पाडायचं हा वाद जोरात चालतो, पण धरणात अडलेल्या पाण्याचं नेमकं होतं काय, हा त्यातला सगळ्यात कामाचा भाग, तो कुणी उघडतच नाही. आणि उजनीसाठी खरा धडा तिथेच आहे.

आधी क्लॅमथचं थोडक्यात. ही नदी ओरेगनमधल्या अप्पर क्लॅमथ नावाच्या मोठ्या पण उथळ तलावातून निघते आणि कॅलिफोर्नियातून पॅसिफिकला मिळते. तलावाच्या आजूबाजूची माती ज्वालामुखीची, त्यात फॉस्फरस मुळातच भरपूर. त्यात गेल्या शंभर वर्षांत काठच्या पाणथळ जमिनी सुकवून शेती आणि गुरांची कुरणं केली, म्हणजे जी जमीन फॉस्फरस धरून ठेवायची तीच गेली आणि खताचं, शेणामुताचं पाणी सरळ तलावात यायला लागलं. उन्हाळ्यात हा तलाव हिरवागार होतो, आजही होतो. तेच पाणी पुढे कोप्को आणि आयर्न गेट या धरणांत येऊन उभं राहायचं, आणि तिथे जे व्हायचं ते मी जरा सविस्तर लिहितो कारण उजनीतही तत्त्व तेच आहे.

वाहत्या पाण्यात घाण आली तर ती वाहत जाते, हवा मिसळत राहते, दगडांवरचे जिवाणू काही घाण खातात. तेच पाणी खोल धरणात थांबलं की उन्हाने वरचा थर तापतो, गरम पाणी हलकं म्हणून वरच राहतं, खालचं गार पाणी जड म्हणून खालीच, आणि दोघं महिनोनमहिने एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या थरात ऊन आहे, नायट्रोजन आहे, फॉस्फरस आहे, म्हणजे शेवाळाला पंगतच. सुरुवातीला डायटम नावाची चांगली सूक्ष्म शेवाळं वाढतात, त्यांना कवच करायला पाण्यातली सिलिका लागते, ती वापरून ती मरतात आणि गाळात बसतात, सिलिका धरणातच अडकते. मग उरलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर निळ्या-हिरव्या शेवाळाचं राज्य येतं, त्याला सिलिका लागतच नाही. दिवसा हे शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका ओढतं की पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, नऊच्या वर जातो, आणि पीएच वाढला की पाण्यातल्या अमोनियमचा माशांना मारणारा अमोनिया होतो. म्हणजे अमोनियमचं प्रमाण तेच राहिलं तरी दुपारी ते जास्त विषारी असतं.

खालच्या थरात उलटं. वरून मेलेलं शेवाळ पडत राहतं, ते कुजताना ऑक्सिजन संपतो, आणि ऑक्सिजन संपला की गाळात लोहाशी बांधून बसलेला फॉस्फरस सुटून परत पाण्यात येतो. लोह, मँगनीज विरघळतं, सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जाऊ शकतो, पण फॉस्फरसला हवेत जायची वाटच नाही, तो एकतर पाण्यात किंवा गाळात. म्हणून वरून येणारी घाण उद्या बंद केली तरी धरण जुन्या गाळातून स्वतःला अनेक वर्षं खत घालत राहतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि आपल्याकडच्या चर्चेत हे मी कधीच ऐकत नाही.

कोप्को आणि आयर्न गेटमध्ये मायक्रोसिस्टिस नावाचं विषारी शेवाळ इतकं माजायचं की उन्हाळ्यात पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना पाणी पिऊ देऊ नका असे बोर्ड लागायचे. त्याचं विष यकृतावर जातं आणि पाणी उकळून ते जात नाही. शिवाय साठलेलं पाणी हळू तापतं, हळू निवतं, त्यामुळे धरणाखालची नदी वसंतात गरजेपेक्षा गार आणि शरदात, नेमकी सॅमन मासे अंडी घालायला वर येतात तेव्हा, गरजेपेक्षा गरम राहायची. २००२ च्या सप्टेंबरमध्ये खालच्या भागात ३४ हजारांहून जास्त मासे मेले. कमी प्रवाह, कोमट पाणी, दाटी आणि त्यातून पसरलेला रोग. युरोक, कारुक या आदिवासी लोकांचं सगळं जगणं त्या माशावर, त्यांनी मग वीस वर्षं लढा दिला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ऊर्जा आयोगाची धरणं पाडायला परवानगी आली, २०२३ मध्ये पहिलं धरण गेलं, २०२४ च्या शरदात उरलेली तीन, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सॅमन धरणांच्या जागेच्या वर पोचले.

आता धरणविरोधी मित्रांनी ऐकायला हवी अशी गोष्ट. ही चार धरणं फक्त विजेसाठी होती, एका एकरालाही त्यांचं पाणी जात नव्हतं. शेतीला पाणी देणारी व्यवस्था वरच्या बाजूला आहे आणि ती जशीच्या तशी ठेवलीय. पाडायचा खर्च ४५ कोटी डॉलरच्या घरात, तो वीज ग्राहकांनी आणि कॅलिफोर्नियाच्या सरकारी रोख्यांनी भरला, आणि जुनी धरणं नव्या नियमांत बसवणं धरणांच्या मालक वीज कंपनीला त्याहून महाग पडणार होतं म्हणून ती तयार झाली. धरणं रिकामी करताना साठलेला गाळ एकदम खाली गेला, पाण्यातला ऑक्सिजन काही काळ कोसळला, लोक घाबरले होते. आणि अजून एक, वरच्या तलावातला फॉस्फरस धरणं पाडल्याने कमी झालेला नाही. उलट धरणात थोडा तरी अडकून राहायचा तो आता खाली वाहतो. फायदा झाला तो एवढाच की त्याला उभं राहून विष बनायला तळं उरलं नाही. म्हणजे अर्धं काम झालंय, उरलेलं अर्धं वर तलावाकाठी, शेतकऱ्यांसोबत करायचंय आणि ते जास्त अवघड आहे, कारण शेतातून वाहून येणाऱ्या पाण्यावर इथल्या स्वच्छ पाणी कायद्याचा जोर चालत नाही.

उजनीला हे कसं लावायचं? पाडायची भाषा करणाऱ्याने एकदा टेंभुर्णी, करमाळा, इंदापूर फिरून यावं. ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) धरण, १९८० मध्ये पुरं झालं, त्यावर ऊस आहे, साखर कारखाने आहेत, सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी आहे, मासेमारी आहे आणि आषाढीला चंद्रभागेत सोडायचं पाणीही तिथूनच येतं. धरण राहणार. पण वरून काय येतं ते बघा. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्या भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत येऊन थांबते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही शहरांचं सांडपाणी, काही शुद्ध केलेलं, काही तसंच, शेवटी आमच्याकडेच. त्यात वाटेतल्या कारखान्यांचं, वाटेतल्या उसाच्या खताचं भरीला. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की टीव्हीवर दोन दिवस दिसतो, तेच पाणी पुढे जाऊन उजनीत महिनोनमहिने उभं राहतं तेव्हा कॅमेरा नसतो. पाणी हिरवं झालं, जाळ्यात चिलापीशिवाय फार काही येत नाही, अंगाला खाज सुटते, हे काठावरचे मच्छीमार कधीपासून सांगतायत. चिलापी कमी ऑक्सिजनमध्ये तग धरते, म्हणून ती टिकते.

आणि आपला वाद कशाचा? टीएमसीचा. २०२१ मध्ये उजनीतलं पाच टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला द्यायचा निर्णय निघाला तेव्हा सोलापूर पेटलं आणि तो रद्द झाला. तेव्हा देणाऱ्यांचं म्हणणं काय होतं तर हे सोलापूरच्या वाट्याचं पाणी नाहीच, हे पुण्याहून येणारं सांडपाणी आहे, ते आम्ही उचलतो. अख्ख्या जिल्ह्यात त्यावर आंदोलनं झाली, पाणी कुणाच्या हक्काचं यावर भाषणं झाली, आणि पाच टीएमसी सांडपाणी पिण्याच्या धरणात येतंय हे दोन्ही बाजूंनी मान्य करून टाकलं, त्यावर कुणी रस्त्यावर आलं नाही. मला त्या दिवसांत इथे झोप लागत नव्हती, कारण माझ्या घरचे तेच पाणी पितात.

उन्हाळ्यात अजून एक गोष्ट होते. उजनीचा मृतसाठा ६३ टीएमसीच्या पुढे, म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी खरं तर शेवटचा साठा म्हणून राखायचं. पण धरण बहुतेक वर्षी वजामध्ये जातं, म्हणजे हा मृतसाठाच वापरायला लागतो, २०२४ ला तर वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, आणि तेव्हा आपण जे वापरतो ते गाळाला लागून राहिलेलं, सुटलेल्या फॉस्फरसचं, लोह-मँगनीजचं पाणी. पेपरात रोज टक्केवारी छापून येते, ऑक्सिजन किती हे मी तरी त्या चौकटीत कधी पाहिलेलं नाही.

पुण्यातले मित्र सांगतात जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून अकरा नवे शुद्धीकरण प्रकल्प होतायत, मग प्रश्न मिटेल. व्हायलाच हवेत, उशीर झालाय. पण शुद्धीकरण म्हणजे काय काढणार ते विचारा. आपल्याकडे प्रकल्प पास-नापास ठरतो तो मुख्यतः बीओडीवर, म्हणजे कुजणारी घाण किती उरली यावर. केंद्राने २०१७ मध्ये सांडपाण्याचे जे नियम काढले त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरसला मर्यादाच ठेवली नाही. २०१९ मध्ये हरित लवादाने म्हटलं की तळ्यात-तलावात सोडायच्या पाण्यात फॉस्फरस लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत हवा, तेव्हापासून हा घोळ चालूच. बीओडी काढलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, वास येत नाही, पुण्यात ते नदीत सोडताना फोटोही चांगला येईल, पण फॉस्फरस तसाच असेल तर ते वाहत्या नदीला चालून जाईल, उजनीला नाही. धरणाच्या वर वसलेल्या शहराला वेगळा नियम लागतो, हा माझा मुद्दा. नदीकाठ सुधार प्रकल्पाचे ४४ किलोमीटर काठ, त्यातली झाडं, यावर पुण्यात भांडणं होतायत आणि ती व्हावीतच, पण त्या ४४ किलोमीटरनंतर नदी संपत नाही.

हे जमतं का? मी जिथे राहतो तिथलंच सांगतो. आमच्या भागातून टुआलाटिन नावाची छोटी नदी जाते, खालच्या टप्प्यात इतकी संथ की जवळजवळ साचलेलीच. १९८० च्या दशकात ती उन्हाळ्यात हिरवी व्हायची. १९८६ मध्ये एका पर्यावरण गटाने कोर्टात केस टाकली आणि १९८८ मध्ये या नदीला फॉस्फरसची मर्यादा ठरली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा मर्यादांपैकी एक. मग सांडपाणी संस्थेला पर्याय राहिला नाही. प्रकल्पात जिवाणूंकडून आणि वर तुरटीच्या जातीचं रसायन टाकून फॉस्फरस काढायला लागले, एक मिलिग्रॅमच्याही कितीतरी खाली. फॉस्फेटवाल्या डिटर्जंटवर बंदी आली. २००९ पासून डरहॅमच्या प्रकल्पात तो फॉस्फरस दाण्यांच्या रूपात काढून खत म्हणून विकतात, देशातला असा पहिला प्रकल्प. आणि हे धरणवाल्यांसाठी: वर स्कॉगिन्स धरण आहे, त्यातलं थोडं पाणी या संस्थेने खास नदीसाठी राखलंय, उन्हाळ्यात सोडतात, नदी गार आणि हलती राहते. म्हणजे धरण नीट चालवलं तर नदीला मदतही करतं.

पैसे कुठून, हा प्रश्न येणारच आणि तो खरा आहे. इथे घरटी सांडपाण्याचं बिल येतं आणि ते पाण्याच्या बिलापेक्षा कमी नसतं. पुण्याने ते भरावं असं मी म्हणतो तेव्हा मला माहितीय की बरेच जण नाराज होतील. पण आज तो खर्च होतोच आहे, फक्त तो सोलापूरच्या घरातल्या फिल्टरवर, भिगवणच्या मच्छीमाराच्या रिकाम्या जाळ्यावर आणि वारकऱ्याच्या अंगावर होतोय. वरच्याने घाण करायची आणि खालच्याने सोसायची हे कितीही वर्षं चाललं असलं तरी न्याय नाही. आणि उसवाल्यांनीही, त्यात माझे सख्खे चुलते आले, एकरी युरिया-डीएपी किती टाकतो ते माती तपासून ठरवावं, पाटाने भिजवलेल्या उसातून जे वाहून जातं ते आपल्याच धरणात जातं.

पुढची कालवा सल्लागार समितीची बैठक लागेल तेव्हा आपल्या आमदारांना आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, किती दिवसांचं एवढंच विचारू नका. धरणात वर, मध्ये आणि तळाशी ऑक्सिजन किती, फॉस्फरस किती, शेवाळाच्या विषाची तपासणी कधी केली आणि आषाढीचा विसर्ग कुठल्या थरातून सोडणार, हे लेखी मागा, आणि ते आकडे टक्केवारीच्या शेजारी रोज छापून यायला लावा.