नावीन्याचे पारखी कसे व्हावे

व्हिडिओ गेममधल्या नावीन्याचे पारखी म्हणून नाव कमवायचे असेल, तर आधी गेम खेळण्याची सवय सोडावी. तिच्यात फार वेळ जातो. त्याऐवजी आपण सातवी-आठवीत असताना कोणता गेम हाती आला होता, तेवढे पक्के आठवून ठेवावे. त्याआधीचे सारे जुनाट आणि त्यानंतरचे सारे उसने, एवढे धरून चालले की अर्धे काम झाले. मी स्वतः हा नियम कटाक्षाने पाळतो. ‘९९९९ इन वन’ असे छापलेल्या पिवळ्या कॅसेटला फुंकर मारून आम्ही ‘काँट्रा’ हा पळत्या सैनिकांचा गेम चालवत असू. त्या ९९९९ मध्ये निराळे गेम मोजून सात-आठ होते आणि बाकीची नावांची अदलाबदल होती. तरी खरे नावीन्य त्यातच, या माझ्या मतावर अद्याप ओरखडाही उमटलेला नाही.

निकाल आधी द्यावा, कारणे सवडीने शोधावीत. ती दोन्ही बाजूंना सापडतात. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाझितनोव यांनी ‘टेट्रिस’ केला, तेव्हा पेंटोमिनो या जुन्या कोड्यातले पाच चौकोनांचे तुकडे त्यांनी चार चौकोनांवर आणले. गेम आवडत असेल तर याला प्रतिभा म्हणावे, नसेल तर वजाबाकी. ‘पोर्टल’ २००७ चा. पण भिंतीत दारे उघडण्याची ती कल्पना २००५ च्या ‘नारबाक्युलर ड्रॉप’ या विद्यार्थ्यांच्या गेममध्ये होतीच. ‘पोर्टल’ नावडत असेल तर इथेच थांबावे. त्याच विद्यार्थ्यांना ‘पोर्टल’ काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने कामावर घेतले होते, हा तपशील केवळ चाहत्यांसाठी राखून ठेवावा.

नाशिककरांना ही विद्या खरे तर शिकवावी लागू नये. आपल्या नेहमीच्या ठिकाणच्या मिसळीचा काळा रस्सा ही परंपरा आणि पुढच्या चौकातला तसाच काळा रस्सा ही नक्कल, हा निवाडा आपण दर रविवारी पहिला पाव मोडण्याआधीच देतो.

प्रतिपक्ष तरुण असेल तर मात्र जपून. परवा कॉलेज रोडवर चहा पिताना भाचा तडा गेलेल्या मोबाईलवर काहीतरी खेळत होता. मी सवयीने म्हणालो, “यात नवे काय? सगळे काँट्रातून उचललेले.” मान वर न करता तो म्हणाला, “मामा, काँट्रा १९८७ चा. त्याच कोनामी कंपनीचा ‘ग्रीन बेरे’ १९८५ चा, आणि त्यातही सैनिक डावीकडून उजवीकडेच पळतो.”

अशा वेळी गडबडून न जाता ‘उत्क्रांती’ हा शब्द सावकाश उच्चारावा. मी तो उच्चारला. “मग माझ्या गेमला उचलेगिरी का म्हणालास?” असे त्याने विचारलेच.

या प्रश्नावर दोन कटिंग आणखी सांगावेत आणि पैसे आपणच द्यावेत.