वास गेला ना? मग द्या लेकराच्या तोंडात

खेळण्यात कोणतं रसायन आहे, ते किती बाहेर येतं आणि लेकराच्या पोटात किती जातं, हे कळायला प्रयोगशाळा लागते असा माझा गैरसमज होता. गेल्या आठवड्यात लातूरच्या बाजारात तो दूर झाला. बहिणीच्या दहा महिन्यांच्या पोरीला पाहुण्यांनी पिवळं बदक दिलेलं. दाबलं की चीं करणारं, आणि पिशवीतून काढलं की खोलीभर नव्या रेक्झिनचा वास सोडणारं. परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "वास तर येणारच की भाऊ, नवा माल हाय. चार दिस उन्हात टाका, जातंय." मी आयएसआयचा शिक्का कुठं आहे म्हणून विचारलं. त्यानं गल्ल्याखालचा खण ओढला, स्टिकरचं बंडल काढलं, एक सोललं, बदकाच्या बुडाला चिकटवलं आणि बदक माझ्यापुढं सरकवलं. "आनिक काई?"

तेव्हा घरात रांगतं लेकरू असलेल्या सगळ्यांसाठी या काही खात्रीच्या सूचना.

सगळ्यात आधी नाकावर भरवसा ठेवा. वास गेला की धोका गेला. खेळण्याच्या रंगात असू शकतं त्या शिशाला वास नसतो, कॅडमियम या विषारी धातूला नसतो, प्लास्टिक मऊ पडावं म्हणून पीव्हीसीत घालतात त्या थॅलेटलाही म्हणावा असा वास नसतो. पण एवढ्या खोलात कोण जातं?

उन्हाचा उपाय तर आपल्याकडे फुकटच आहे. एप्रिलमध्ये पत्र्यावर टाकलेली कुरडई दुपारपर्यंत कडकडीत होते, तिथं बदकाची काय कथा! थॅलेट प्लास्टिकला पक्कं जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. ऊन लागलं, तेल लागलं, लेकरानं चोखलं की ते बाहेर येतं. जुन्या मऊ खेळण्याला हात लावल्यावर चिकट लागतं ना, बऱ्याचदा ते हेच. युरोपनं १९९९ सालीच लहान लेकरांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांतून काही थॅलेट बंद केली, कारण ती शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात लुडबुड करतात. पण युरोपात आपल्यासारखं ऊन कुठंय?

भाव करा. दीडशेचं साठला मिळालं की विषही त्याच हिशोबानं कमी भरत असणार.

खोक्यावर इंग्रजी किती आहे तेही बघा. 'नॉन-टॉक्सिक' असेल तर उत्तम, 'चाइल्ड सेफ' असेल तर अतिउत्तम. कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, हे विचारणं शोभत नाही. खुळखुळ्यावर 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं बारीक चित्र दिसलं तरी गोंधळू नका. तो खुळखुळा चार वर्षांच्या पोरासाठी आहे, त्यानं तो बालवाडीत न्यावा.

घरातल्या थोरांचं ऐका. "आम्ही पाटीवरची पेन्सिल खाल्ली, जत्रेतल्या रंगीत भोवऱ्याचा रंग चाटला, काय झालं आम्हाला?" हे प्रत्येक वाड्यात एक तरी आजोबा सांगतात. काय झालं हे मोजलंच नाही तर कळणार कसं, आबा? शिसं काही पोरगं जागेवर आडवं पाडत नाही. ते डोक्यावर परिणाम करतं, हाडांत जाऊन बसतं. पोरगं थोडं हट्टी निघतं, थोडं मागं पडतं, आणि मास्तर म्हणतात लक्ष नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तात अमुक इतकं शिसं चालेल अशी एकही सुरक्षित पातळी सापडलेली नाही. तोंडावाटे गेलेलं शिसं लहान लेकराचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. आपल्या अंगणवाडीत किती पोरांच्या रक्तात लोह भरपूर असतं, ते सेविकेला एकदा विचारा.

लक्षणं दिसेपर्यंत थांबा, हीही एक सूचना आहे. बरेच जण पाळतात.

आता शिक्क्याबद्दल. शिक्का हवाच असेल तर तो दुकानातच लावून घ्यावा, ताजा मिळतो. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, कारण त्या खणातलं बंडल अजून डोळ्यांपुढून जात नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या लेकरांची खेळणी आयएसआय शिक्क्याशिवाय विकता येत नाहीत. हे काही हौसेनं झालं नाही. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेनं दिल्लीच्या बाजारातून १२१ प्रकारची खेळणी उचलून तपासली, त्यातली तीनात दोन नापास झाली. शिक्क्यामागं आयएस ९८७३ नावाचं मानक असतं. त्याच्या तपासणीत खेळण्याचा रंग खरवडतात आणि शरीराइतक्या उबेला, ३७ अंशांवर, पोटातल्या आम्लासारख्या पातळ आम्लात तो घुसळतात. म्हणजे लेकरानं गिळला तर पोटात काय सुटेल, ते बाहेरच बघून घेतात. किलोमागं ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं सुटलं की खेळणं बाद. कॅडमियमला ७५ ची हद्द. याला धोका मोजणं म्हणतात. नुसतं रसायन आहे की नाही एवढ्यावर भागत नाही. ते सुटतं किती, लेकरू चोखतं किती वेळ, लेकराचं वजन किती, हे सगळं बघावं लागतं. खेळण्यातल्या मोटारीच्या पोटात बंद असलेल्या तारेच्या डाखातलं शिसं वेगळं आणि दातानं निघणारा पिवळा रंग वेगळा. आणि दहा महिन्यांची पोर बदकाशी खेळत नसते, ती बदक खात असते.

एवढं सगळं त्या स्टिकरमागं असायला पाहिजे. या गड्यानं ते थुंकी लावून पाकीट चिकटवावं तसं दोन सेकंदांत उरकलं! वर मानकाचा क्रमांक नाही, खाली सीएम/एल चा परवाना क्रमांक नाही. खऱ्या शिक्क्याला दोन्ही असतात, आणि तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या, म्हणजे शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएस केअर ॲपवर टाकला की बनवणाऱ्याचं नाव-गाव समोर येतं. शिक्क्याविना माल विकला तर याच ब्यूरोच्या २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड लिहिलाय. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, समदे हेच इकतेत. तुमाला नको तर ठिवा." शेजारी उभे असलेले दोघं हसले. त्यातल्या एकाच्या कडेवर लेकरू होतं.

राग मला दुकानदारापेक्षा त्या हसण्याचा आला. अरे बाबा, तुझ्या कडेवरच्या पोराच्या तोंडात ती हिरवी शिट्टी आहे. खत घेताना गोणीवरचा बॅच नंबर वाचतोस, बियाणं उगवलं नाही तर कृषी अधिकाऱ्याच्या टेबलापुढं जाऊन भांडतोस, आणि पोराचं खेळणं घेताना एक शिक्का उलटून बघायला लाज वाटते? विचारणारा शहाणा ठरतो आणि विकणारा बिचारा पोटासाठी करतोय! पोटासाठीच करायचं तर शेंगदाणे विक की. आणि तपासणीचं काम ज्यांच्याकडं आहे त्यांनी मोठ्या शहरांत मॉलवर धाड टाकून फोटो काढले म्हणजे झालं का? माळेगावच्या जत्रेत कधी एक फेरी मारा. पथारीवर ढिगानं पडलेली खेळणी उलटून बघा, किती बुडांवर नंबर सापडतो ते मोजा.

बदक मी तिथंच ठेवून आलो. पैसे मिळाले नाहीत. जाऊ द्या, साठ रुपये.

आणि पाहुणेमंडळी, तुम्हालाही सांगतो, कारण बदक आणलं तुम्हीच. बारशाला, वाढदिवसाला येताना रस्त्यात गाडी थांबवून दिसेल ते चकचकीत उचलू नका. कुंची आणा, स्टीलची वाटी आणा, लेकरू ती वाजवत तासभर बसतं. काही सुचलं नाही तर रिकाम्या हातानं या, चहा मिळेल. पण शिक्का न बघता घेतलेलं काही आमच्या पोरीच्या हातात दिलंत, तर तुमच्यासमोरच काढून घेईन. मग रुसू नका.