विजेत्याचं नाव लॉटरी खात्याला कळावं, गावाला कशाला?

मोठी बंपर सोडत झाली की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, म्हणणं तेच असतं: पहिल्या बक्षिसाच्या विजेत्याचं नाव आणि फोटो छापणं सक्तीचं हवं. नाव दडवलं म्हणजे आत काहीतरी शिजतंय. पैसा जनतेचा आहे, तिकीट घेतानाच अटी मान्य केल्या आहेत, नावं छापली नाहीत तर तिकिटं खपणार नाहीत, आणि सचोटीच्या माणसाला लपायचं कारणच काय?

यातली काळजी खरी आहे. लॉटरीत फसवणूक झालेली आहे. पण नाव छापणं हा त्यावरचा इलाज नाही, आणि त्याची किंमत मोजतो तो एकटा विजेता.

"नाव गुप्त ठेवलं की घोटाळा होतो"

याला पुरावा म्हणून अमेरिकेतल्या हॉट लोटो या बहुराज्यीय लॉटरीचं प्रकरण पुढे केलं जातं. ते नीट बघू. 29 डिसेंबर 2010 च्या सोडतीत आयोवा राज्यात विकलेल्या तिकिटाला 1 कोटी 65 लाख डॉलर लागले. दावेदार जवळजवळ वर्षभर पुढे आलाच नाही. मुदत संपायला काही तास उरले असताना मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशातल्या एका ट्रस्टतर्फे न्यूयॉर्कच्या वकिलाने दावा लावला. आयोवा लॉटरीने विचारलं, तिकीट मुळात घेतलं कुणी? उत्तर मिळालं नाही, म्हणून बक्षीस अडलं आणि दावा मागे घेतला गेला. पुढे तपास यंत्रणेने दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण लोकांसमोर आणलं. खरेदीदार निघाला एडी टिप्टन, म्हणजे सोडतीची यंत्रणा सांभाळणाऱ्या संस्थेचाच माहिती-सुरक्षा प्रमुख. 2017 मध्ये त्याला 25 वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

बक्षीस अडवलं ते दावेदाराची ओळख मागणाऱ्या कार्यालयाने. विजेता म्हणून नाव छापण्यापर्यंत प्रकरण गेलंच नव्हतं. जे चित्रण जाहीर झालं ते संशयिताचं होतं. त्याच टिप्टनच्या ओळखीतल्या माणसांनी कोलोराडोत 2005 ची आणि विस्कॉन्सिनमध्ये 2007 ची बक्षिसं राजरोस उचलली होती, आणि कित्येक वर्षं कुणाला संशय आला नव्हता. खरी खूण तारखांमध्ये होती. सोडतीचे आकडे काढणाऱ्या संगणकात टिप्टनने चोरून घुसवलेला कोड वर्षातल्या मोजक्या तारखांनाच चालायचा. कोलोराडोची सोडत 23 नोव्हेंबरची, विस्कॉन्सिनची 29 डिसेंबरची, आयोवाची 29 डिसेंबरची, ओक्लाहोमाची 2011 ची पुन्हा 23 नोव्हेंबरची. सोडतींच्या नोंदी राज्याराज्यांनी एकमेकांशी ताडून पाहिल्या असत्या तर हे आधीच दिसलं असतं.

नाव छापा म्हणणाऱ्यांचा एक पुरावा मात्र भक्कम आहे आणि तो टाळून चालणार नाही. 2014 मध्ये पाम बीच पोस्ट या दैनिकाने फ्लोरिडातल्या विजेत्यांच्या जाहीर नोंदी चाळल्या. तेव्हा काही लोक, त्यांत तिकीट विक्रेतेही, अशक्य वाटावं इतक्या वेळा जिंकत असल्याचं दिसलं. त्या नोंदी उघड नसत्या तर ती बातमी झाली नसती. पण ती उघडी पडली ती तोच माणूस पुन्हा पुन्हा दिसल्यामुळे, आणि बक्षिसं होती बहुतेक छोटी. एकाच माणसाचे दावे एकत्र दिसण्यासाठी नाव लागत नाही. प्रत्येक दावेदाराच्या पॅनवरून एक कायमचा सांकेतिक क्रमांक तयार करावा आणि बक्षिसांच्या यादीत तोच छापावा. मग एकाच क्रमांकावर वर्षात चाळीस दावे आले तर कुणालाही दिसतील, माणूस मात्र दिसणार नाही. इथे एक तांत्रिक काळजी घ्यावी लागते. पॅनची रचना ठरलेली असते, त्यामुळे नुसता हॅश केला, म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्याचा सांकेतिक क्रमांक बनवला, तर सगळे शक्य पॅन चालवून मूळ क्रमांक शोधता येतो. म्हणून खात्याकडेच राहणारी गुप्त किल्ली त्यात मिसळली पाहिजे.

"काळा पैसा पांढरा करतात, म्हणून नाव हवंच"

हा धंदा कसा चालतो ते आकड्यांत पाहू. समजा केरळच्या लॉटरीत 1 कोटीचं बक्षीस लागलं. 10 टक्के एजंट कमिशन गेलं, 90 लाख उरले. त्यावर 30 टक्के कर, अधिभार आणि उपकर जाऊन विजेत्याच्या हाती राहतात 59 लाखांच्या आसपास. काळा पैसावाला येतो आणि तिकिटाचे 65 लाख रोख देतो. विजेत्याला जास्त मिळाले, कर भरायची कटकट गेली. घेणाऱ्याच्या खात्यात 59 लाख पांढरे आले.

आता या व्यवहारात वर्तमानपत्रात नाव कुणाचं छापून येणार? घेणाऱ्याचं. म्हणजे "मला लॉटरी लागली" याचा छापील दाखला आपणच त्याला दिला. हा व्यवहार पकडला जातो तो आतल्या तपासणीत: तिकीट विकलं गेलं ते दुकान कुठलं, दावेदार राहतो कुठे, सोडत आणि दावा यांत किती दिवस गेले, याच पॅनवर आधी किती बक्षिसं आहेत, एजंटाशी नातं आहे का. हे प्रश्न विचारायचे कुणी, तर लॉटरी संचालनालयाने आणि प्राप्तिकर खात्याने. ते विचारले जात नसतील तर तक्रार त्याची करा.

"पैसा जनतेचा, म्हणून जनतेला हक्क"

लॉटरी विनियमन कायदा 1998 चं कलम 4 वाचा. तिकिटावर राज्याचं बोधचिन्ह हवं, विक्रीचा पैसा राज्याच्या सार्वजनिक लेख्यात जमा व्हावा, सोडत सरकारने स्वतः आणि राज्याच्या हद्दीत काढावी, एका लॉटरीची आठवड्यात एकाहून जास्त सोडत नको, वर्षात बंपर सोडती सहापेक्षा जास्त नकोत, न उचललेलं बक्षीस सरकारजमा व्हावं. जबाबदारी सगळी सरकारवर आहे. विजेत्याचं नाव छापण्याची अट त्यात नाही. माहिती अधिकार कायद्यातही व्यक्तिगत माहितीला कलम 8(1)(j) चं संरक्षण आहे, आणि व्यापक जनहित दाखवता आलं तर 8(2) खाली ती उघड करण्याची वाटही आहे. एखादा मंत्री किंवा लॉटरी खात्यातला अधिकारी जिंकला, तर ती वाट वापरलीच पाहिजे.

"तिकीट घेतानाच अटी मान्य केल्या"

अट असली म्हणून ती योग्य ठरत नाही. अटी बदलतात, बदलल्या आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत प्रसिद्धी हवी की नको, हे विजेता स्वतः ठरवतो. अमेरिकेत टेक्ससने 10 लाख डॉलर आणि त्यापुढच्या बक्षिसांना, व्हर्जिनियाने 2019 मध्ये 1 कोटी डॉलरच्या वरच्या बक्षिसांना नाव गुप्त ठेवण्याची मुभा दिली. कॅलिफोर्निया अजून नाव जाहीर करतं. केरळातही बंपर विजेत्यांच्या विनंतीवरून नाव गुप्त ठेवल्याची उदाहरणं आहेत.

न्यू हॅम्पशायरचा 2018 चा खटला मुद्दाम वाचण्यासारखा आहे. 55 कोटी 97 लाख डॉलर जिंकलेल्या बाईंनी तिकिटाच्या मागे स्वतःचं नाव लिहून सही केली. ट्रस्टच्या नावाने दावा केला असता तर नाव बाहेर आलं नसतं, हे त्यांना नंतर कळलं. आता खाडाखोड केली तर तिकीटच बाद होण्याची भीती. न्यायालयाने नाव गुप्त ठेवायला परवानगी दिली, गावाचं नाव तेवढं जाहीर करू दिलं.

"नाव नाही तर खप नाही"

ब्रिटनमध्ये बहुतेक मोठे विजेते नाव देत नाहीत, तरी तिथली लॉटरी 1994 पासून चालू आहे. चीनमध्ये विजेते कार्टूनच्या पोशाखात तोंड झाकून धनादेश घेतात. जाहिरात होते, ओळख राहते झाकलेली.

"सचोटीच्या माणसाला लपायचं कारण काय?"

2022 च्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस 25 कोटींचं होतं. ते लागलं तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला. नाव, चेहरा, घर सगळं देशभर दिसलं. काही दिवसांतच त्यांनी जाहीरपणे सांगितलं की दारात मदत मागणाऱ्यांची रीघ लागली आहे, घरात राहणं अशक्य झालंय, बक्षीस लागलं नसतं तर बरं झालं असतं.

मथळ्यात 25 कोटी होते. आता हिशेब करा. एजंटाचं 10 टक्के कमिशन म्हणजे अडीच कोटी गेले, उरले साडेबावीस. त्यावर 30 टक्के, म्हणजे 6 कोटी 75 लाख कर उगमस्थानी कापला गेला. हाती 15 कोटी 75 लाख. पण करावरचा त्या वेळचा 37 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर खातं कापत नाही, तो विजेत्याने स्वतः भरायचा असतो. ती रक्कम होते सुमारे 2 कोटी 87 लाख. म्हणजे खरोखर आपले असे 12 कोटी 88 लाख. मागणारे येतात ते 25 कोटी डोक्यात धरून, आणि येतात पहिल्याच आठवड्यांत, अधिभार भरायच्या आधी. त्या दडपणाखाली वाटून टाकलेला पैसा पुढे कराच्या नोटिशीच्या वेळी परत येत नाही. केरळ सरकारने गुलाटी इन्स्टिट्यूट या वित्त आणि करविषयक संस्थेमार्फत विजेत्यांसाठी अर्थनियोजनाचं प्रशिक्षण सुरू केलं ते उगाच नाही.

याहून वाईटही घडलं आहे. फ्लोरिडात 2006 साली 3 कोटी डॉलर जिंकलेल्या माणसाशी एका बाईने ओळख वाढवली, त्याचा पैसा ताब्यात घेतला आणि 2009 मध्ये त्याचा खून केला. जाहीर नावाचा फटका इतरांनाही बसतो. मॅसॅच्युसेट्समध्ये 2017 साली 75 कोटी 87 लाख डॉलर जिंकलेल्या बाईंच्या नावाने आणि फोटोने बनावट खाती उघडून "मी पैसे वाटतेय" म्हणत भामटे लोकांना लुबाडत राहिले. केबीसीच्या नावाने येणारे 25 लाखांचे संदेश आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. खऱ्या विजेत्याचा चेहरा हातात आला की असल्या फसवणुकीला धार येते.

मग करायचं काय?

नुसता गोपनीयतेचा नियम करूनही भागणार नाही, कारण कागदी लॉटरीत नाव बहुतेकदा खात्यातून फुटत नाही. निकाल लागला की आधी कळतं ते दुकान. क्रमांक आणि मालिकेवरून तिकीट कुठल्या एजंटाला गेलं हे काही मिनिटांत निघतं. एजंटाला कमिशन मिळतं, शिवाय "इथे पहिलं बक्षीस लागलं" हा फलक त्याचं पुढचं गिऱ्हाईक आणतो. कॅमेरे तिथेच जमतात आणि दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाचं नाव सांगून मोकळा होतो. दुसरी गळती बँकेत, जिथे तिकीट वसुलीसाठी दिलं जातं. तिसरी झेरॉक्सच्या दुकानात आणि साक्षांकनाच्या रांगेत, कारण केरळात दाव्यासोबत तिकिटाच्या दोन्ही बाजूंच्या साक्षांकित प्रती आणि फोटो लागतात.

म्हणून नियमात तीन गोष्टी हव्यात. दावा अर्जावर प्रसिद्धीसाठी वेगळी लेखी संमती, आणि रकाना कोरा असेल तर उत्तर "नाही" धरायचं. विक्रेत्याच्या परवान्यात विजेत्याची ओळख न सांगण्याची अट, आणि मोडली तर कमिशन रोखणं. बँकेत तिकीट शाखाधिकाऱ्याने स्वतः बंद पाकिटात घ्यायचं. बरोबरीने खात्याने प्रत्येक सोडतीचा क्रमांक, विक्रीचा जिल्हा, दाव्याची तारीख, कापलेला कर आणि सांकेतिक क्रमांक जाहीर करावा.

तोवर ज्याच्या हातात बक्षिसाचं तिकीट आहे त्याने दावा कसा आणि कुणाच्या नावे करायचा हे आधी चार्टर्ड अकाउंटंटशी बोलून ठरवावं, मग मागे नाव, पत्ता आणि सही करावी. तिकिटाचा फोटो कुणालाही पाठवू नये. दाव्याची मुदत तिकिटाच्या मागे छापलेली असते, ती पाहून तिकीट थेट लॉटरी कार्यालयात किंवा बँकेत द्यावं, पोच घ्यावी, आणि नाव जाहीर करू नये असा लेखी अर्ज त्याच दिवशी सोबत जोडून त्याचीही पोच घ्यावी.