उजव्या मागच्या चाकाचा आवाज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मागच्या चाकाच्या आवाजावरील माझा लेख वाचून आपण उजवे बेअरिंग (चाक ज्यावर फिरते तो भाग) बदलून घेतलेत, आवाज मात्र तसाच राहिला आणि अखेर दोष टायरचा निघाला. तेव्हा ‘वळणावरची परीक्षा म्हणजे निव्वळ अंदाजपंचे’, असे आपण लिहिले आहे. (डावीकडे वळताना आवाज वाढला तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्यावा, ही ती परीक्षा.) आपला खर्च वाया गेला त्याला माझ्या लेखातला क्रम कारणीभूत आहे, हे मला मान्य आहे. परीक्षा मात्र मी खोटी मानत नाही.

डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून झिजलेले उजवे बेअरिंग तेव्हा मोठ्याने घुमते. परंतु त्याच वेळी उजवा टायरही अधिक दाबला जातो, आणि त्याची नक्षी करवतीच्या दातांसारखी झिजलेली असेल तर तोही जवळजवळ तसाच घुमतो. त्यामुळे टायरची खात्री झाल्यावरच ही परीक्षा घ्यावी, असे मी स्पष्ट लिहायला हवे होते.

ती खात्री आपल्या बेळगाव भागात फुकट होते. हमरस्त्याच्या गुळगुळीत डांबरावरून जांबोटीकडच्या खडबडीत रस्त्याला लागल्यावर, वेग तोच ठेवूनही आवाजाची जात बदलली, तर संशय टायरवर घ्यावा; बेअरिंगचा आवाज रस्ता पाहून बदलत नाही, तो वेगाबरोबर चढतो-उतरतो. मग तळहात नक्षीवरून पुढे-मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागले, तर बहुधा तेच कारण. तरीही शंका उरल्यास त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर आपसांत बदलावेत; आवाज पुढे सरकला, तर बेअरिंगला हात लावू नये.

घरी जॅक लावायला सांगणे बेजबाबदारपणाचे, हा आपला दुसरा आक्षेप मी अर्धाच स्वीकारतो. मागचे चाक फिरवायला हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणून सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून, पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून आणि खाली स्टँड देऊनच हे काम करावे. हे तपशील मी गाळले, ही चूकच. पण चाक फिरवताना दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला, तर बेअरिंगची जी खरखर बोटांना कळते ती आत बसलेल्या कानांना कळत नाही, कारण पत्र्यातून येणारा आवाज डाव्या-उजव्याची फसगत करतो. (खानापूरकडच्या तांबड्या चिखलातून आलेल्या गाडीच्या ब्रेकच्या ड्रमजवळ अडकलेला खडाही कधी कधी असाच सापडतो.)

टायर तसा का झिजला, हे मात्र आपण लिहिलेले नाही. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेलाने ओले झाले आहेत का ते पाहावे आणि चाकांची अलाइनमेंट (ती सरळ रेषेत आहेत का) तपासून घ्यावी. नाहीतर नवा टायरही काही हजार किलोमीटरांत असाच घुमू लागेल.