खिशातला चाकू: कडक की चिवट?

पाऊस तोंडावर आला, कलमांची तयारी सुरू झाली की कोकणातल्या रोपवाटिकावाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर फिरू लागतो. आयुष्यभर टिकणारा चाकू कसा ओळखायचा, हे तो सांगतो. पोलाद जितकं कडक तितका चाकू टिकाऊ. चुंबक चिकटला तर स्टेनलेस नकली. पातं जाड तेवढं दणकट. लॉक, म्हणजे उघडलेलं पातं अडकवणारी कळ, असला की चाकू निर्धोक. आणि ज्याला सारखी धार लावावी लागते, तो चाकू हलक्या प्रतीचा. यंदा हा मजकूर मला चौघांनी पाठवला. त्यातली दोन पोरं पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाने चाकू घेणार आहेत. या पाचही गोष्टी एक तर चुकीच्या आहेत किंवा अर्धवट, आणि त्या पोरांचे पैसे वाया जाऊ नयेत एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी कडकपणाचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. पात्याला पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून एकदम गार केलं, की पोलाद काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळही. तसंच ठेवलं तर दगडावर पडून तुटेल. म्हणून ते पुन्हा मंद तापवतात, थोडा कडकपणा सोडतात आणि त्या बदल्यात चिवटपणा मिळवतात. चाकूचं सगळं गणित या देवाणघेवाणीत आहे. कडकपणा रॉकवेल सी मापावर मोजतात, आकडा मोठा तितकं पोलाद कडक. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे खिशातले चाकू ५६ च्या आसपास असतात. महागड्या पोलादांचे चाकू ६० च्या वर जातात. ५६ चं पातं धार लवकर सोडतं, हे खरं. पण बहुतेक वेळा त्याची धार वाकते, तुटत नाही. आणि वाकलेली धार दगडावर पाच मिनिटांत सरळ होते.

मी स्वतः एकदा ६१ चा चाकू घेतला होता. महिनाभर कलमाची काडी केळीच्या पानासारखी कापली त्याने. मग एका संध्याकाळी बांबूची गाठ तासताना मनगट जरा वळलं आणि धारेला तांदळाच्या कणीएवढी खाच पडली. घरचा दगड तासभर घासला तरी खाच जाईना. त्या पोलादात व्हॅनेडियम नावाचा धातू भरपूर होता, आणि त्याचे कार्बनशी मिळून होणारे कार्बाइड कण नेहमीच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात. त्याला हिऱ्याची पट्टीच लागते. चाकूत खोट नव्हती. दिवसभर सुतळी, खताच्या गोणी, बांबू आणि मधूनच कलमाची काडी कापणाऱ्या माणसाचा तो चाकू नव्हता, इतकंच.

चुंबकाची परीक्षा तर पूर्ण उलटी आहे. स्वयंपाकघरातली चांगली भांडी ज्या स्टेनलेसची असतात, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्याला चुंबक चिकटत नाही, पण पाणी देऊन ते कडकही करता येत नाही. पात्याचं स्टेनलेस वेगळ्या जातीचं असतं. त्यात पुरेसा कार्बन असतो, ते पाणी घेतं आणि चुंबकाला चिकटतं. चिकटायलाच हवं. स्टेनलेस म्हणवणाऱ्या स्वस्त पात्याला चुंबक अजिबात चिकटला नाही, तर ते भांड्याच्या पत्र्याचं असण्याची शंका घ्या.

आणि स्टेनलेस गंजत नाही असंही नाही. साडेदहा टक्क्यांवर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतो आणि तो पोलादाला राखतो. पण मीठ हा थर फोडतं. खाडीकाठच्या गावात घामाच्या खिशात चार दिवस मिटून राहिलेल्या स्टेनलेस चाकूच्या, पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी मी बारीक खड्डे पाहिलेत. साधं कार्बन पोलाद आंब्याच्या चिकाने काळं पडतं, त्याला घाबरू नका. तांबडा गंज मात्र लगेच काढा. रात्री पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तरी पुरतं. करडईचं तेल नको, ते वाळून चिकट होतं.

जाड पात्याबद्दल थोडक्यात. चार मिलिमीटरचं पातं कापत नाही, फाकवतं. कोय कलमाच्या, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या आंब्याच्या रोपावर जोडायच्या काडीची चार-पाच सेंटिमीटरची पाचर एका हाताने, गुळगुळीत उतरावी लागते. साल चेंगरली की जोड धरत नाही. फ्रान्सचा ओपिनेल ८ नंबर बघा, पातं दोन मिलिमीटरहूनही पातळ, तरी शेतकऱ्यांच्या खिशात पिढ्यान्पिढ्या टिकलाय. उचकटायला पहार आहे, फोडायला कोयती आहे.

लॉक जरूर असावा, पण निर्धोक हा शब्द काढून टाका. लॉकच्या खाचेत चीक आणि माती बसली की तो अर्धाच लागतो, आणि वरून खट्कन वाजल्यासारखं वाटतं. आठवड्यातून एकदा जुन्या दातघासणीने ती खाच साफ करा. पात्याच्या पाठीवर दाब येईल असं काम मिटत्या चाकूने करूच नका, लॉक कितीही चांगला असो.

राहिली धार. रोज कष्ट करणाऱ्या चाकूला धार लावावीच लागते, त्यात कमीपणा कसला? उलट ज्याची धार तुम्हाला घरच्या दगडावर लावता येते, तोच टिकतो. कलमाच्या चाकूचं पातं बऱ्याचदा एकाच बाजूने उतरतं असतं. त्याची सपाट बाजू सपाटच ठेवा, दोन्हीकडून घासून ती घालवू नका. आणि कृपा करून तो पाण्याशिवाय चालणाऱ्या विजेच्या चाकावर देऊ नका. धारेवर निळा रंग चढला म्हणजे तिथलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं. साध्या कार्बन पात्याचा तेवढा भाग मऊ पडला, आणि तो घासून काढेपर्यंत तिथे धार राहणार नाही.

दुकानात गेलात की पातं उघडा, टोक चिमटीत धरून आडवं हलवा. खेळ जाणवला तर परत ठेवा. मिटलेला चाकू उजेडासमोर धरून पातं मुठीच्या मधोमध बसतंय का, धार आत कुठे घासतेय का, ते बघा. खिळा स्क्रूचा असेल तर पुढे घट्ट करता येतो. मग बाटलीतलं पाणी हातावर घ्या आणि ओल्या मुठीत चाकू आवळून पाहा. जुलैत हात कोरडे नसतात.